पुलाकाच्या खड्ड्यात पिंपाचा पत्रा

सिलिगा,

तू गेल्यापासून बेटावर तुझ्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी, की तू सगळ्यांचे पुलाकाचे खड्डे नासवलेस आणि तोंड लपवून पळालास. दुसरी त्याहून भारी. तू म्हणे खताची युक्ती कुणाला न सांगता बरोबर घेऊन गेलास, आणि ऑकलंडला लेकीच्या परसात तुझ्या पुलाकाची पानं माणसाच्या डोक्यावर डोलताहेत. त्या थंडीत पुलाका तग धरत नाही एवढं तरी कळावं ना बोलणाऱ्याला! पण बोलणाऱ्याचं काय जातं?

मी काही तुझी वकिली करायला बसलेली नाही. चूक तुझी होती आणि लहान नव्हती. पण ती जशी झाली तशी एकदा लिहून ठेवावी, तिला रोज नवी शिंगं फुटताहेत ती थांबावीत, एवढंच. तेव्हा आता जरा बाजूला बस आणि ऐक. पुढचं सगळं मी तुला ‘तो’ म्हणून सांगणार आहे. तोंडावर बोलायचं म्हटलं की मला तुझी कीव येते, आणि कीव आली की मी खोटं लिहीन.

तर सिलिगा आमच्या वीजघराचा माणूस. वीजघर म्हणजे पत्र्याची एक शेड आणि आत एक म्हातारं डिझेल इंजिन. संध्याकाळी तो ते सुरू करायचा, निजानिजेच्या आधी बंद करायचा. डिझेल राजधानीहून, फुनाफुतीहून, जहाजाने यायचं, पिंपांतून. इंजिनाच्या पोटातलं ऑइल जळून काळं झालं की तो ते काढायचा आणि रिकाम्या झालेल्या पिंपात भरून शेडमागच्या फणसाच्या सावलीत उभं करायचा. आमचा फणस गराचा नाही, भाजून खायचा. सावली मात्र दाट देतो. त्या सावलीत पिंपं वाढत गेली. काही काळ्या ऑइलाची, काही रिकामी, सगळी गंजलेली.

जहाज आलं की तो दर वेळी होडीतून कप्तानाकडे जायचा.

“या खेपेला नेता का?”

“कुठे ठेवू? माझ्या जहाजावर माणसं झोपतात, डुकरं झोपतात, खोबऱ्याची पोती असतात. तुझी गळकी पिंपं काय उशाला घेऊ?”

“आणलीत ना तुम्हीच?”

“भरलेली आणली. चांगल्या मालाची आणली. घाण न्यायला मला कुणी सांगितलेलं नाही.”

राजधानीतल्या खात्याला रेडिओवर विचारलं, की तिकडून “बघतो” असं उत्तर यायचं. इतकी वर्षं बघून त्यांचे डोळे कसे शिणले नाहीत कोण जाणे. बेटावर त्या पिंपांना ‘सिलिगाचं गणगोत’ नाव पडलं. शेजारचा लोतोआला जाता-येता विचारायचा, “काय रे, पाहुणे वाढले की! जेवूबिवू घालतोस ना?” सिलिगा म्हणायचा, “तुझी बहीण यातल्याच एकाला देऊ या का?” आणि दोघं हसायचे. तेव्हा हसत होते.

आमचं बेट इतकं अरुंद, की खाजणाकडून धोंडा भिरकावला तर समुद्रात पडेल. वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर आहे, खाऱ्या पाण्यावर सायीसारखा तरंगणारा. विहिरी त्याच थराला लागतात आणि पुलाकाचे खड्डेही त्यालाच. पुलाका म्हणजे अळूचा थोराड भाऊ. आमच्या पणज्यांनी पोवळ्याचा खडक फोडून घराएवढे खोल खड्डे खणले, तळाशी पाणी लागलं तिथे पाला कुजवून चिखल केला आणि त्यात तो लावला. तांदूळ जहाजातून येतो, पुलाका खड्ड्यातून. जहाज चुकलं तर माणूस खड्ड्यावर जगतो. सिलिगाचा खड्डा त्याचा आणि थोरला भाऊ पेनिताला याचा सामाईक. पेनिताला फुनाफुतीला जाऊन स्थायिक झाला, चिखलात उतरायचं काम सिलिगाकडे राहिलं.

आणि खड्ड्याचा एक कायदा आहे. आपण खत काय घालतो हे कुणी सांगत नाही. पुरुष एक वेळ बायकोशी काय भांडण झालं ते चव्हाट्यावर सांगतील, पण कंदाभोवती केवड्याच्या पानांची टोपली विणून तिच्यात कुठला पाला कुजवला ते सांगणार नाहीत. उलट विचारणाऱ्याला थाप मारायची. “मी? मी काहीच घालत नाही. पपईचा पाला तर चुकूनसुद्धा नको!” मग ऐकणाऱ्याने घरी जाऊन नेमका पपईचा पाला घालायचा. यात कुणाला राग नाही. दुसऱ्याच्या खड्ड्यात डोकावणं मात्र वाईट, परक्याच्या चुलीवरचं झाकण उघडण्याइतकं.

एक गोष्ट मात्र सगळेच घालायचे आणि ती उघड होती. लोखंड. आमच्या पोवळ्याच्या मातीत लोखंडाचं नाव नाही, पानं पिवळी पडतात. म्हणून जुन्या लोकांनी फुटक्या गलबतांचे खिळे पुरले, आमच्या बापांनी मांसाचे नि मासळीचे गंजके डबे. पुढे माणसं नूडल्स खायला लागली. प्लास्टिकला गंज कुठून चढणार? सिलिगाच्या खड्ड्यातली पानं दर पावसाळ्यानंतर जास्तच पिवळी दिसू लागली. वाइमाली, त्याची बायको, एक दिवस म्हणाली, “तुझ्या त्या शेडमागे एवढा गंज उभा आहे, आणि तू डबे शोधत किनाऱ्यावर फिरतोस!”

झालं. त्याने एक रिकामं पिंप छिन्नीने उभं चिरलं. आत काळा लेप होता. तो त्याने साबणाने घासला, समुद्राच्या पाण्याने धुतला, वाळूने परत घासला. मग पत्र्याचे तुकडे करून एकेका कंदाच्या टोपलीत पुरले. धुतले होते, हे मी मुद्दाम सांगते. पण गंजाला पापुद्रे असतात आणि प्रत्येक पापुद्र्याखाली ऑइल होतं. हे त्याला कळायला हवं होतं. इंजिनात आयुष्य गेलेला माणूस! नाही कळलं.

त्या वर्षी त्याची पानं अशी हिरवी झाली, की वरून बघताना खड्डा काळा वाटायचा. नाताळच्या मेजवानीत त्याचा कंद दोघांनी खांद्यावर काठी घेऊन आणला. मानेआपात, म्हणजे आमच्या सभेच्या छपराखाली, वडीलधाऱ्यांसमोर सगळ्यांत मोठा कंद म्हणून त्याच्या नावाचा पहिला पुकारा झाला, गळ्यात माळ पडली आणि तो नाचणाऱ्यांच्या पुढच्या रांगेत पोट हलवत नाचला. वाइमाली बायकांतून ओरडली, “कमरेला जप, ते इंजिन जुनं आहे!” सगळं छप्पर हसलं. लोतोआला मात्र हसताना त्याच्याकडे टक लावून बघत होता.

त्यानंतर फणसाखालची रिकामी पिंपं कमी व्हायला लागली. दुपारी माणसं आडवी होतात तेव्हा कुणी तरी यायचं आणि एखादं पिंप गडगडत जायचं. सिलिगाला वाटलं, नेत असतील डुकरांच्या पाण्याला. बरंच झालं, गणगोत घटलं. त्याने विचारलं नाही आणि त्यालाही कुणी विचारलं नाही. विचारायचंच नाही, हाच तर कायदा.

पुढच्या हंगामात तो खड्ड्यात उतरला, चिखलात पाय रोवला, आणि पावलाभोवती इंद्रधनुष्याच्या रंगाचा तवंग उमटला. पानांच्या कडा काळ्या झाल्या होत्या. त्याने एक कंद उपटला तर बोट आत गेलं. वर आणला, नाकाला लावला. तो वास त्याच्या स्वतःच्या हातांचा होता, जन्मभराचा, साबणाने न गेलेला.

वाइमालीने तरी त्यातला टणक भाग कापून शिजवला. दोघांनी एकेक घास घेतला आणि थुंकला. तिने पातेलं डुकरांपुढे ओतलं. डुकरांनी हुंगून पाठ फिरवली. ती पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. “डुकरं नाही म्हणतात, सिलिगा,” एवढंच बोलली.

मग त्याने न करायची गोष्ट केली. तो दुसऱ्यांच्या खड्ड्यांत डोकावत फिरला. लोतोआलाच्या खड्ड्यात चिखलातून निळ्या रंगाची एक कड वर आली होती. डिझेलच्या पिंपाचा रंग. पुढच्या खड्ड्यात तेच. त्याच्या पुढच्यात तेच. सगळे खड्डे अजून हिरवेगार होते, त्याचा गेल्या वर्षी होता तसे.

“काय बघतोस रे?” लोतोआला मागे उभा होता.

“पत्रा काढ तो. आत्ताच्या आत्ता.”

“कुठला पत्रा?”

“लोतोआला, खेळ नाही हा. माझा खड्डा मेला.”

“मेला? अरेरे.” लोतोआलाने जीभ चुकचुकवली. “माझाही मरणारच आहे. मी काही घालतच नाही ना.”

सिलिगाने मानेआपात उभं राहून सगळं सांगितलं. आमच्या पुरुषाने खत उघड सांगणं म्हणजे भर सभेत लुंगी सोडणं. त्याने सोडली. पिंप चिरलं ते सांगितलं, कसं पुरलं ते सांगितलं, तवंग सांगितला. “ज्यांनी ज्यांनी घातलाय त्यांनी काढा. एक वर्ष पानं फसवतात, मग कंद सडतो. पाया पडतो, काढा.”

मग एका म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली आणि हसू फुटलं ते थांबेना.

“वा, सिलिगा! एवढी लांब थाप तुझ्या आजाने पण मारली नव्हती!”

“थाप नाही हो! बायबलवर हात ठेवतो.”

“बायबलला मध्ये आणू नकोस. तुझ्या आजाने खताबद्दल पाद्रीबाबांनासुद्धा खोटं सांगितलं होतं.”

लोतोआला उठला. “मंडळी, गेल्या वर्षी पहिला कोण आला? हा. कशाने आला? पत्र्याने. आणि आता म्हणतो घालू नका. मी शाळेत कच्चा होतो, पण एवढं गणित मला येतं.”

वाइमाली बायकांच्या बाजूने ओरडली, “डुकरांनी तोंड लावलं नाही!”

“तुमची डुकरं लाडावलीत, वाइमाली! त्यांना गोमांस घाला!”

मी, शाळेची बाई, तिथेच बसले होते. मी म्हणाले, माणूस रडतोय, थाप मारणारा रडतो का? तर मला उत्तर मिळालं, “बाई, म्हणून तर पहिला येतो तो.” यापुढे काय बोलायचं? ज्या बेटावर खताबद्दल खरं बोलायची रीतच नाही, तिथे खरं बोलणारा सगळ्यात मोठा लबाड ठरतो. त्याने जितक्या काकुळतीने सांगितलं तितकी त्यांची खात्री पटत गेली.

दुसऱ्या दिवशी तो वीजघराकडे आला तेव्हा फणसाखाली माणसं होती. रिकामी पिंपं संपली होती, म्हणून त्यांनी भरलेली आडवी केली होती. पत्रा हवा होता, आतलं काय करायचं? ओतलं. काळं ऑइल फणसाच्या मुळांवरून वाहत होतं आणि वाळू ते पीत होती. तो गुडघ्यावर बसला आणि ती वाळू ओंजळीने उचलायला लागला. उचलून टाकणार कुठे, तर शेजारी, वाळूवरच. लोतोआला खांद्यावर पत्रा घेऊन उभा होता. त्यालाही जरा कसंनुसं झालं असावं. म्हणाला, “अरे, घाणच होती ना? तुझंच काम हलकं केलं.”

जी थोडी पिंपं उरली ती त्याने शेडमध्ये आणली आणि कुलूप लावलं. आता एकच ध्यास. हे ऑइल जाळून संपवायचं, आणि नवी पिंपं येऊ द्यायची नाहीत. खलाशांकडून त्याने ऐकलं होतं, की पश्चिमेकडे कुठल्याशा बेटावर लढाईच्या दिवसांत गाड्या खोबरेलावर चालवल्या होत्या. वाइमालीने घरातले होते नव्हते तेवढे नारळ किसले, तेल काढलं. त्याने काळं ऑइल तिच्या चर्चच्या पांढऱ्या कापडातून गाळलं, पुन्हा गाळलं, खोबरेल आणि डिझेल मिसळून इंजिनाला पाजलं. इंजिन चाललं! गावभर तळणाचा आणि जळक्या टायरचा मिळून वास सुटला. पोरं खोकायला लागली, पण त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला. “बाई, बेटाचं तेल बेटावरच,” तो मला म्हणाला. “माडाला काय कमी आहे? मग जहाज नको आणि पिंपही नको.”

इंजिनात तेल फवारणारे नोझल बुजले. त्याने साफ केले. परत बुजले. शेवटी आतून एक असा आवाज आला, की तो न बघताच जमिनीवर बसला. बेट अंधारात गेलं, फ्रीझरमधली मासळी कुजली, आणि कुजलेली मासळी लोकांनी आणून वीजघराच्या दारात ओतली.

इंजिन दुरुस्त व्हायचं नव्हतं, म्हणून की आधीच ठरलं होतं म्हणून, सौर पाट्या आल्या. बरोबर एक तरुण इंजिनिअर, हसरा, कामाला वाघ. शाळेमागे पाट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, बॅटऱ्यांची खोली झाली. दिवे चांगले लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे मी त्याच दिव्याखाली लिहिते आहे. उद्‌घाटनाला नाच झाला. सिलिगा नाचला नाही. त्याने इंजिनिअरला गाठलं.

“साहेब, आणि पिंपं? ती जमीन? विहिरीला वास येतो.”

“ते डिझेलवाल्या खात्याकडे, काका.”

“डिझेलवालं खातं म्हणजे इथे मीच.”

इंजिनिअर ओशाळला. “पण आता इथे डिझेल नाही ना. म्हणजे ते खातंही नाही. पाट्यांचं काही असेल तर सांगा, लगेच बघतो.”

म्हणजे घाण उरली आणि तिचा धनी गेला. सिलिगाची नोकरीही गेली. वीजघराची किल्ली मागायलासुद्धा कुणी आलं नाही.

एकेक करून सगळे खड्डे काळे पडले. लोक तांदळावर आले. जहाज उशिरा आलं की चुली गार. कुणी म्हणालं नाही, की सिलिगाने सांगितलं होतं. म्हणाले, त्याने शाप दिला. म्हणाले, त्याने आम्हाला अर्धीच युक्ती कळू दिली.

तो आणि वाइमाली रोज खड्ड्यात उतरून चिखल उपसायचे. बादलीने वर आणायचा, काठावर टाकायचा. दुसरी जागा कुठली? पाऊस आला की तो घसरून परत तळाशी. परत उपसायचा. वाइमालीच्या हातांना फोड आले, त्यांचे व्रण झाले. “पुरे आता,” ती म्हणायची. तो म्हणायचा, “खाली गोडं पाणी आहे. तिथपर्यंत जाऊ.” ती उतरायची.

आणि एक दिवस काठावरचा ढीग कमी दिसला. लोतोआलाची बायको बादली भरून नेत होती. पहिल्या आलेल्या खड्ड्याचा चिखल! उरलेली अर्धी युक्ती त्यातच असणार, नाही का? सिलिगाने तिच्या हातातली बादली हिसकावली आणि झाडावर आपटली.

“एवढासा चिखलसुद्धा देववत नाही?” ती रडत म्हणाली. “आमची पोरं काय खातील?”

तो कसं सांगणार? जे सांगेल त्याच्या उलट होणार. घाला म्हणाला तर ती म्हणणार कबूल झाला, नको म्हणाला तर म्हणणार लपवतो. ती दुसऱ्या दिवशी परत आली, इतरांना घेऊन.

लेकीने ऑकलंडहून तिकिटं पाठवली. निघायच्या दिवशी वाइमाली होडीत जाऊन बसली, किनाऱ्याकडे पाठ करून. आणि तू माझ्याजवळ आलास, सिलिगा. इथे तुला ‘तो’ म्हणणं मला जमत नाही. तू म्हणालास, “बाई, खड्डा बुजवून घ्या. पोवळ्याची खडी भरा, वरपर्यंत. कुणाला चिखल मिळता कामा नये.”

मी म्हटलं, “तुझ्या आजाने खणलेला खड्डा?”

“हो.”

“मंडळी तयार करणं माझ्याकडे लागलं. पण अर्धा पेनितालाचा आहे. त्याच्या होकाराशिवाय एक दगड कुणी टाकणार नाही. फुनाफुतीला उतरलास की आधी त्याला विचार आणि मला कळव.”

“विचारतो,” तू म्हणालास. “पहिली गोष्ट तीच करतो.”

मी मंडळी तयार केली. किती बोलणी खाल्ली ते जाऊ दे. खडीचा ढीग खड्ड्याच्या काठावर येऊन पडला. तू विमान मिळेपर्यंत पेनितालाच्या घरी राहिलास, त्याच्या ताटात जेवलास. निरोप आला नाही. शेवटी मीच त्याला फोन लावला आणि म्हटलं, सिलिगा काही बोलला का, खड्ड्याबद्दल?

“बोलला की,” पेनिताला म्हणाला. “म्हणाला, दादा, काळजी करू नको, पानं डोक्याच्या वर गेलीत. का हो बाई?”

मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो हसला. म्हणाला, “बाई, तुम्हालाही त्याने थाप मारली? आमचा सिलिगा खताबद्दल खरं बोलेल होय? खडी उचला ती.”

खडी अजून काठावर आहे. तिच्या बाजूने चिखलाच्या बादल्या जातात.